अनंतशास्त्र्यांचे घर आणि पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंच्या चरित्राची मांडणी करताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम १८८३ या वर्षाकडे जाते. त्या वर्षी २९ सप्टेंबरला इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वीच्या रमाबाई म्हणजे पुराणिकाची संस्कृतज्ञ कन्या आणि त्यानंतरच्या रमाबाई म्हणजे ख्रिस्ती समाजसेविका, अशी जणू दोन चरित्रे आपण वाचतो. पहिल्या चरित्राचा अभिमान बाळगायचा आणि दुसऱ्याबद्दल मौन पाळायचे, ही महाराष्ट्राची जुनी रीत. चाहत्यांनीही हा दुभंग फारसा तपासलेला नाही. त्यांनी फक्त अभिमानाचे स्थान बदलले. रमाबाईंचे मराठी लेखन एकत्र ठेवून वाचले असता हा दुभंग टिकत नाही, असे प्रस्तुत लेखिकेला वाटते. त्यांच्या ज्या निर्णयांना पितृपरंपरेचा त्याग म्हटले गेले, त्यांतील बहुतेकांचे मूळ अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरातच सापडते. मात्र त्या घराचे स्वरूप नीट समजून घ्यावे लागते, कारण ते घर कोणत्याही गावात नव्हते.

अनंतशास्त्री मूळचे मंगळूर परिसरातील मराठी भाषक चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी विद्येसाठी ते पुण्यास आले आणि रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. गुरूंबरोबर वाड्यात जाणे होई तेव्हा स्त्रीच्या मुखातून संस्कृत श्लोक ऐकण्याचा प्रसंग या विद्यार्थ्यास आला, आणि आपल्या पत्नीसही असेच शिकवावे हा विचार त्याच्या मनात रुजला. गावी परतल्यावर त्यांनी तसा प्रयत्न केलाही. पण पत्नी लहान, तिला गोडी नाही आणि घरातील वडील माणसांचा विरोध, यामुळे तो फसला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्त्रीशिक्षणाची ही कल्पना अनंतशास्त्र्यांना इंग्रजी विद्येतून किंवा मिशनऱ्यांच्या शाळेतून मिळालेली नव्हती. ती पेशव्यांच्या वाड्यातील एका अपवादातून आली होती, आणि त्या अपवादास शास्त्राचा आधार आहे अशी त्यांची खात्री होती.

पहिली पत्नी वारल्यानंतर तीर्थयात्रेत असताना गोदावरीच्या काठी त्यांची एका यात्रेकरू ब्राह्मणाशी गाठ पडली. त्याच्याबरोबर नऊ वर्षांची मुलगी होती. अनंतशास्त्री तेव्हा चाळिशी ओलांडलेले. ओळख झाली, कुलशील विचारले गेले आणि दुसऱ्याच दिवशी विवाह लागला. मुलीला घेऊन शास्त्रीबुवा शेकडो मैलांवरील आपल्या मुलखाकडे निघाले. हीच लक्ष्मीबाई, रमाबाईंची आई. पुढे १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ या इंग्रजी पुस्तकात बालविवाहाच्या बेफिकीर पद्धतीचे उदाहरण म्हणून रमाबाईंनी हाच विवाह नावे गाळून सांगितला आहे. मुलगी चांगल्या हाती पडली हे तिचे दैव, परंतु बापाने तिचे पुढे काय होईल याचा विचार केला नव्हता, असा त्या कथनाचा रोख आहे. स्वतःच्या आईवडिलांच्या विवाहाकडे इतक्या अलिप्तपणे पाहणे आणि त्याच वेळी त्या दोघांविषयीचा आदर यत्किंचितही कमी होऊ न देणे, हे दोन्ही रमाबाईंना साधले. अनाथ मुलीच्या भाबड्या स्मरणरंजनाहून हे फार वेगळे आहे.

लक्ष्मीबाईंना शिकवण्याचा अनंतशास्त्र्यांचा बेत या वेळी सिद्धीस गेला. साहजिकच ज्ञातीत ओरड झाली. उडुपीच्या धर्मपीठापुढे त्यांना जाब द्यावा लागला, आणि स्त्रियांनी संस्कृत वाङ्मय शिकण्यास शास्त्राची मनाई नाही हे त्यांनी ग्रंथांतील वचने काढून तेथे दाखवून दिले. वेद मात्र त्यांनी पत्नीस शिकवले नाहीत. ती मर्यादा त्यांनाही मान्य होती. त्यानंतर ते वस्तीपासून दूर, सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे जाऊन राहिले. तेथे आश्रम बांधला, शिष्य जमले. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

या घटनाक्रमातून अनंतशास्त्र्यांची जी प्रकृती दिसते ती रूढ अर्थाने सुधारकाची नाही. ते कर्मठ होते. म्लेंच्छ भाषा शिकू नये, पोटासाठी लौकिक चाकरी करू नये, असे त्यांचे मत होते आणि मुलांनाही त्यांनी त्याच शिस्तीत वाढवले. पण शास्त्र आणि रूढी यांत विरोध आला की त्यांचा कौल शास्त्राकडे असे, आणि शास्त्र काय म्हणते हे ज्ञातीने ठरवायचे नसून वाचणाऱ्याने ग्रंथ उघडून पाहायचे असे. रमाबाईंना घरातून मिळालेला पहिला व सर्वांत टिकाऊ संस्कार हाच होय.

आश्रमाचा निभाव फार काळ लागला नाही. येणारे जाणारे यात्रेकरू, विद्यार्थी, त्यांचे जेवणखाण यांत मालमत्ता संपली आणि कर्ज झाले. रमाबाई सुमारे सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने गंगामूळ सोडले; वेताच्या पेटाऱ्यात ठेवून या मुलीला डोंगराखाली आणण्यात आले. तेथून सुरू झालेली भटकंती पुढे जवळजवळ वीस वर्षे चालली. एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर जायचे, देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे, श्रोते जे ठेवतील त्यावर राहायचे आणि उरले ते दानधर्मात घालायचे, असा या कुटुंबाचा क्रम होता. वडील वृद्ध झालेले असल्याने रमाबाईंना आईने शिकवले. पहाटे, इतर कामे सुरू होण्यापूर्वी, झोपेने जड झालेल्या मुलीला जागे करून लक्ष्मीबाई तिच्याकडून श्लोक म्हणवून घेत. भागवत, अमरकोश आणि व्याकरण हे सर्व पाठांतराने आले. आपल्याकडच्या एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांच्या आत्मकथनांत शिकवणारा बहुधा पती असतो आणि शिकणे चोरून, सासूनणंदांची नजर चुकवून होते. रमाबाईंच्या वाट्याला आईकडून उघडपणे मिळालेली विद्या आली. तिला अपराधाची छटा नव्हती.

रमाबाई रानडे यांचे उदाहरण शेजारी ठेवले की हा फरक स्पष्ट होतो. १८६२ साली जन्मलेल्या रमाबाई रानडे वयाने जवळपास बरोबरीच्या. त्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात भरल्या घरातील स्त्रियांचे टोमणे, अबोला आणि त्यामधून वाट काढणारी एक सून दिसते. पतीची इच्छा आणि घरातील बायकांची मर्जी या दोन्हींचा तोल सांभाळताना त्यांनी जे जे मिळवले ते लहान नाही. पण त्यांची प्रत्येक कृती कोणाला तरी दुखावणारी होती आणि ज्याला दुखवायचे त्याच्याच पंक्तीला दुसऱ्या दिवशी बसायचे होते. पंडिता रमाबाईंना अशी पंक्तच नव्हती. त्यांना आई, वडील, भाऊ, बहीण होते. परंतु आजोळ, भाऊबंद, शेजार, सण, हळदीकुंकू, गावकी हे काही नव्हते. ज्याला आपण संस्कार म्हणतो त्यात कुटुंबाचा वाटा किती आणि समाजाचा किती हे एरवी वेगळे काढता येत नाही, इतके ते एकमेकांत मिसळलेले असतात. या एका आयुष्यात परिस्थितीनेच ते वेगळे काढून दाखवले आहेत.

या घराने दिलेले सारे सुखाचे नव्हते. थोरली बहीण कृष्णाबाई हिचा विवाह बालवयातच झाला आणि तो दुःखाचा ठरला. त्या अनुभवाने शहाणे होऊन अनंतशास्त्र्यांनी रमाबाईंचे लग्न लहानपणी केले नाही. ज्ञातीत राहणाऱ्या बापास हे जवळजवळ अशक्य होते. फिरस्त्या बापाला ते जमले. पुढे १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि या कुटुंबाचा सर्वनाश झाला. गाठीला जे होते ते देवाधर्मावर खर्च झालेले. अंगमेहनत करण्याची सवय नाही, भीक मागण्याची लाज, आणि पुराण ऐकणारे श्रोते स्वतःच उपाशी. रानातली पाने खाऊन काही दिवस काढल्यावर वडिलांनी जलसमाधीचा विचार केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास मजुरी करीन म्हणून पुढे झाला. पण फार उशीर झाला होता. १८७४ मध्ये अनंतशास्त्री गेले, आणि त्यांच्यामागून लक्ष्मीबाई व कृष्णाबाई. आईच्या प्रेताला खांदा देण्यास चार माणसे मिळेनात. अखेर तिरडीचे एक टोक रमाबाईंना घ्यावे लागले, आणि त्या ठेंगण्या असल्याने ते डोक्यावर धरावे लागले. समाज नसण्याची किंमत काय असते हे यापेक्षा अधिक स्पष्ट कसे दिसावे? ज्या एकाकीपणाने पुढे त्यांना निर्णयाचे स्वातंत्र्य दिले, त्याचे हे पहिले दर्शन आहे आणि ते भयंकर आहे.

यानंतर भाऊ-बहीण उत्तरेकडे निघाले. काश्मीरपर्यंतची ही पायपीट उपवास, व्रते आणि तीर्थस्नाने करीतच झाली. वडिलांची शिस्त दोघांनीही सोडली नव्हती. परंतु त्या शिस्तीतच पडताळून पाहण्याची सवय होती. हिमालयातील एका सरोवरात तरंगते डोंगर आहेत आणि निष्पाप यात्रेकरू दिसला की ते काठाकडे सरकतात, असे त्यांनी ऐकले होते. पाण्यात मगरी असल्याचे सांगून पुजारी लोकांना दूर ठेवीत. श्रीनिवास पहाटे गुपचूप पोहत गेला आणि त्याने पाहिले, तर ते डोंगर माती, दगड व झाडे रचून केलेले तराफे होते आणि मागून ढकलणारा माणूस वेगळाच होता. रमाबाईंनी पुढे १९०७ च्या सुमारास लिहिलेल्या आत्मनिवेदनात हा प्रसंग सांगितला आहे. त्यांच्या सांगण्यात उपहास थोडा आहे, फसवले गेल्याची वेदना अधिक. श्रद्धा गमावण्याची त्यांची प्रक्रिया नास्तिकाची नव्हती. ग्रंथांनी सांगितलेले सर्व काही अक्षरशः केले आणि फळ मिळाले नाही, अशा माणसाचा तो हिशेब होता.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास सुचवले, तेव्हा वडिलांनीही जी मर्यादा ओलांडली नव्हती ती ओलांडताना त्या कचरल्या. मात्र स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचताना त्यांना जे आढळले त्याने त्यांचा पाया हलला. एरवी एकमेकांशी न जुळणारे ग्रंथ स्त्रिया आणि शूद्र यांच्या हीनत्वाविषयी मात्र एकमत होते, असे त्यांनी नोंदवले आहे. वडिलांनी शास्त्राच्या आधारे पत्नीला शिकवले होते. मुलीने तेच शास्त्र अधिक वाचले आणि त्याचा आधार तिला पुरेसा वाटेना. पद्धत तीच होती, निष्कर्ष उलटा आला.

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी त्याचे मित्र, वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी बंगाली आणि जातीने शूद्र गणलेले. हा विवाह धाडसाचा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा होताच. पण आडवे येण्यासाठी कोण उरले होते? १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी शारदा सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले. वर-वधू दोघेही एकाच ज्ञातीतील. तरी मुरूडच्या गावकीने कर्व्यांना बहिष्कृत केले आणि त्यांच्या घरच्यांनाही त्याची झळ लागली. रमाबाईंनी त्याहून कितीतरी पुढची मर्यादा तेरा वर्षे आधी ओलांडली आणि त्यांच्यावर बहिष्कार घालण्यास मुरूडच नव्हते. कर्व्यांचे धैर्य अधिक की रमाबाईंचे, हा वाद येथे घालायचा नाही. दोन धैर्यांची जात वेगळी आहे, एवढेच पाहायचे आहे.

१८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली, १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले, आणि रमाबाई पुण्यास आल्या. आयुष्यात प्रथमच त्या मराठी समाजात राहायला आल्या होत्या. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्या वर्तुळाने त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज निघाला, हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची गरज मांडली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. या पुस्तकाची भाषा संस्कृतप्रचुर आहे, आणि उपदेशाचा सूर अनंतशास्त्र्यांच्या मुलीला शोभेल असाच. पुण्याला ते मानवले. पुण्याने त्यांना आपली मुलगी मानले, माहेरी परतलेली. येथूनच गैरसमजाला प्रारंभ झाला असे म्हणावे लागते. कारण रमाबाईंच्या दृष्टीने ते माहेर नव्हते. त्यांना त्याचा जिव्हाळा होता, पण त्याच्या मर्जीची सवय नव्हती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी ख्रिस्ती झाल्या. महाराष्ट्रात संताप उसळला. त्याला वेगळा सूर देणाऱ्यांत महात्मा फुले होते. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. पण या घटनेचा अधिक बोधप्रद भाग बाप्तिस्म्यानंतरचा आहे, आणि तो आपल्या चरित्रकारांनी घाईने ओलांडला आहे. वाँटेजच्या भगिनींना वाटले की आता ही शिष्या चर्चच्या आज्ञेत राहील. रमाबाई त्रैक्याच्या सिद्धान्तावर प्रश्न विचारू लागल्या, बायबलात जे सांगितलेले नाही ते चर्चच्या अधिकारावरून मानण्यास त्यांनी नकार दिला. क्रुसावर लॅटिन अक्षरे असतील तर संस्कृत का नसावीत, अशी त्यांची हरकत होती. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांचे मत पडले, तेव्हा त्यांना त्यातला आक्षेपच कळेना. देवळांत, घाटांवर, पंडितांच्या सभांत पुरुषांसमोर बोलत त्या वाढल्या होत्या. अन्नाच्या बाबतीत त्या शाकाहारीच राहिल्या. उडुपीच्या पीठापुढे ग्रंथ उघडून बसलेला बाप आणि वाँटेजमध्ये बायबल उघडून बसलेली मुलगी यांच्यात धर्म बदलला आहे, आणखी फारसे काही बदललेले नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि अडीच-तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. त्या मुक्कामाचे फळ म्हणजे १८८९ चे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. याच वर्षी ११ मार्चला मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास हलले. धर्मप्रचार करावयाचा नाही, मुलींना आपापले आचार पाळू द्यावयाचे, अशी व्यवस्था होती आणि ती प्रामाणिकपणे पाळली जाई. रमाबाई स्वतःची प्रार्थना मात्र आपल्या खोलीत दार उघडे ठेवून करीत. मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या उघड्या दाराचा अर्थ लावण्यात दोन्ही बाजूंनी बरेच शब्द खर्च केले आहेत. रानड्यांची अडचण खरी होती; त्यांना त्याच समाजात काम करायचे होते आणि पालकांचा विश्वास हेच त्यांचे भांडवल होते. रमाबाईंनी थोडे नमते घेतले असते तर सदन पुण्यात टिकले असते, असेही म्हणता येईल. पण ज्या घरात उपासना नेहमी चारचौघांत, चालत्या रस्त्यावर, श्रोत्यांच्या मध्ये बसून झाली, त्या घरातील मुलीला दार लावून प्रार्थना करणे म्हणजे लबाडी वाटली असल्यास नवल नाही.

त्यानंतर केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी विधवा व निराधार मुली गोळा करून आणल्या, १९०० मध्ये गुजरातेतून आणल्या. मुक्ती सदनातील संख्या सुमारे २००० वर गेली. वीस वर्षांपूर्वी उपाशी फिरलेली मुलगी येथे स्पष्ट ओळखू येते. आणखीही एक खूण आहे. अनंतशास्त्र्यांनी मुलांना हाताचे काम शिकवले नाही आणि त्याचे फळ दुष्काळात भोगले. केडगावी प्रत्येक मुलीला शेती, विणकाम, छपाई असे काही ना काही शिकावेच लागे. वारसा स्वीकारताना त्यातील कोणता भाग प्राणघातक होता हे त्या विसरल्या नाहीत. मात्र सगळेच त्यांनी तपासले असे नव्हे. संस्थेतील शिस्त कडक होती, अंतिम शब्द एकाच व्यक्तीचा होता आणि मुलींच्या धर्मजीवनाला ठरावीक वळण होते. वडिलांनी मुलीला विद्या दिली, पण जीवनक्रम आखूनच दिला होता. मनोरमेच्या बाबतीतही असेच काहीसे घडले. इंग्लंड-अमेरिकेत शिकलेली ही मुलगी आईच्या कार्यात येऊन मिळाली, शारदा सदनाची जबाबदारी तिने वाहिली आणि २४ जुलै १९२१ रोजी, आईच्या आधी, तिचा अंत झाला. तिचे स्वतंत्र चरित्र मराठीत अजून नीट लिहिले जायचे आहे.

शेवटची अनेक वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. प्रचलित भाषांतर सामान्य बायकांना कळत नाही असे त्यांना वाटे. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण दुसऱ्याने लावलेल्या अर्थावर विसंबण्याचे त्यांच्या घरात वळण नव्हते. आणि अर्थ हाती आल्यावर त्यांनी भाषा मात्र जाणीवपूर्वक साधी ठेवली. ‘स्त्रीधर्मनीति’च्या लेखिकेने आपल्या लेखणीतून संस्कृतचा भार इतका उतरवावा, ही मराठी गद्याच्या अभ्यासकाने थांबून पाहावी अशी घटना आहे. वाङ्मयीन सौंदर्याच्या दृष्टीने हे भाषांतर खडबडीत आहे आणि प्रस्थापित भाषांतराची जागा ते घेऊ शकले नाही. लक्ष्मीबाई शिकवीत तेव्हा ऐकणारीला आधी पाठ व्हायचे आणि अर्थ मागाहून कळायचा; रमाबाईंनी अक्षरओळख नुकतीच झालेल्या बाईला पहिल्या वाचनातच अर्थ कळावा अशी खटपट केली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर त्या मुद्रिते तपासत होत्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. त्याचे खिळे जुळवणाऱ्या आणि यंत्र चालवणाऱ्या केडगावच्याच बाया होत्या.